टर्बोचं तेल परत सोडायचं कुठे?

सुरतेकडून माल भरून आलेला ट्रक नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारी घाटाला लागला, की इंजिनाचा खरा कस लागतो. तिथे सायलेन्सरमधून निळा धूर निघाला की निदान ठरलेलंच: ‘टर्बोचं सील गेलं.’ मग नवं कार्टरिज, म्हणजे दांडा-बेअरिंगांसह टर्बोचा मधला भाग, बसतं, चांगली रक्कम खर्ची पडते आणि पुढच्याच फेरीला धूर पुन्हा हजर. मग दोष कार्टरिज विकणाऱ्याला. टर्बोतून तेल खाली नेणाऱ्या पाइपाकडे मात्र कुणी वाकून बघत नाही.

मुळात टर्बोच्या दांड्यावर रबरी ऑइल सील नसतंच. ट्रकचा टर्बो मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, लहान गाड्यांचा दोन लाखांच्याही वर जातो, आणि एका अंगाला सहा-सातशे अंशांपर्यंत तापलेला धूर असतो. तिथे रबर टिकणार नाही. म्हणून दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. बाहेरचा गॅस बेअरिंगकडे फारसा शिरू नये, हे त्यांचं मुख्य काम. तेल बाहेर पडत नाही, कारण ते आत साचतच नाही, लगेच खाली निघून जातं. बेअरिंगच्या कोठ्यात तेल तुंबलं, तर आज बसवलेली रिंगही गळणार. इंजिन निवांत (आयडलवर) सुरू असताना गॅसचा दाब कमी असतो, तेव्हा तर हमखास. ढाब्यावर अर्धा तास सुरू ठेवलेली गाडी निघताना निळा भपका सोडते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरा समज जास्त पक्का आहे: ‘तेलाला पंपाचं प्रेशर असतं, पाइप कुठूनही फिरवा, तेल जाईलच.’ प्रेशर असतं ते टर्बोत शिरेपर्यंत. बुश बेअरिंगच्या केसासारख्या फटींतून जाताना ते संपतं. पलीकडे पडणारं तेल हवेत घुसळलं जाऊन ताकासारखं फेसाळलेलं असतं, आणि ते खाली येतं निव्वळ स्वतःच्या वजनाने. म्हणून वरून येणारा पाइप बोटापेक्षा बारीक चालतो, पण रिटर्नला आतून किमान अर्धा इंच लागतो. मोठ्या टर्बोला त्याहून जास्त. फेसाला जागा जास्त लागते. पाइप सतत उताराचा हवा. मध्ये झोळ पडला की त्यात तेल थांबतं आणि मागचं तेल टर्बोत अडकतं. टर्बोचं रिटर्नचं तोंडही सरळ खाली बघायला हवं. उभ्या रेषेपासून फार तर ३५ अंश कलतं चालेल. दुरुस्तीनंतर कार्टरिज जरा फिरलेलं बसतं आणि तोंड तिरकं होतं. अशा वेळी पाइप वाकवत बसू नका. टर्बोच्या घराचे (हाउसिंगचे) बोल्ट ढिले करून मधला भाग फिरवता येतो.

आता खालचं टोक. कंपनीच्या टर्बो इंजिनात जागा ठरलेली असते, तिला हात लावायचं कारण नाही. प्रश्न येतो तो जुन्या बिनटर्बोच्या इंजिनाला टर्बो चढवताना, किंवा इंजिनाखालचं तेलाचं चेंबर बदलताना. सोयीचं म्हणून चेंबरच्या तळाशी, ड्रेन बोल्टाजवळ नळी वेल्ड करतात आणि म्हणतात, ‘शेवटी तेल तेलातच जायचं.’ इथेच घात होतो. तोंड तेलाखाली बुडालं की पाइपातही चेंबरइतकंच तेल उभं राहतं, उताराची उंची तेवढी घटते आणि फेसातली हवा कोंडते. गाडी सपाटीवर बंद असताना तेल मोजायच्या दांडीवर जी वरची खूण दिसते, तिच्यापेक्षा तोंड वर हवं. ब्लॉकच्या कुशीत जागा मिळाली तर उत्तमच. तिथेही क्रँकचे फटकारे थेट तोंडावर येणार नाहीत हे बघायचं. येत असतील तर आतून पत्र्याची आड लावायची.

घाटाचा हिशेब वेगळा. चढावर गाडीचं नाक वर होतं आणि चेंबरमधलं तेल मागे सरकतं. मागच्या बाजूला, सपाटीच्या खुणेच्या जेमतेम वर काढलेलं तोंड नवापूरच्या बाजारात कोरडं असतं आणि कोंडाईबारीत बुडतं. ‘फक्त चढावर धूर मारते’ अशी तक्रार आली तर टर्बो खोलण्याआधी हे तपासा.

भोक पाडताना चेंबर उतरवाच. जागेवरच ड्रिल मारून ‘ग्रीस लावलं होतं, बुरा चिकटला’ म्हणणारे भेटतात. न चिकटलेला बुरा तेलातच पडतो, आणि बेअरिंगांशी त्याचं वैर आहे.

सगळं नीट असूनही तेल उतरत नसेल तर ब्रीदर बघा. रिंग-लायनर झिजले की ज्वलनाचा गॅस खाली उतरतो, गॅरेजात ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात ब्रीदर चोंदलेला असेल तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि तेलाला खाली यायला वाटच राहत नाही. इथे दहा टर्बो बदलले तरी उपयोग नाही.

रिटर्नला पाण्याचा रबरी पाइप लावू नका. गरम तेलाने तो फुगतो, आतून सोलतो. पॅकिंगवर सिलिकॉन थापू नका, सुटलेला तुकडा भोकात अडकतो. आणि ‘वरून तेलच कमी सोडा’ हा इलाज तर सर्वांत वाईट. बॉल बेअरिंगच्या काही टर्बोंना कंपनीच बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर देते, पण बुश बेअरिंगच्या टर्बोचं तेल तोडलं तर धूर थांबण्याआधी दांडाच जळेल. टर्बो चेंबरच्या पातळीलाच किंवा त्याखाली बसला असेल, तर उतार कुठून आणणार? तिथे तेल ओढून परत नेणारा वेगळा पंपच लागतो.

दोष कुणाचा हे ठरवायला एक सोपी परीक्षा आहे. रिटर्न पाइपचं खालचं टोक सोडवून डब्यात सोडा, इंजिनाकडचं तोंड बुचाने बंद करा आणि गाडी मिनिटभर निवांत चालवा. तेल डब्यात पडत असतं, म्हणून नजर दांडीवर ठेवा, आधी थोडं तेल वरून टाका. सायलेन्सरमध्ये मुरलेलं तेल जळायला वेळ लागतो. त्यामुळे बंद करून, तेल भरून दोनतीनदा हेच करावं लागेल. धूर हळूहळू विरला तर टर्बो शाबूत आहे, दोष खालच्या तोंडात किंवा चेंबरच्या दाबात. तसाच राहिला तर मात्र कार्टरिज खोला, दांड्याचा प्ले बघा.