गोगलगाईचा गोंद

2022 च्या खरिपात धाराशिव, लातूर आणि बीड या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा जो फडशा पाडला, त्याचे पंचनामे होऊन मदतीचा हुकूम सुटेपर्यंत शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे रात्री शेतात पसरून, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात बुडवीत होते. आणि बोटांना लागलेला तो बुळबुळीत स्राव धुता धुता निघत नसे. याच स्रावाच्या एका सगोत्राकडून शस्त्रवैद्यांनी धडा घेतला आहे, असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर त्याची धडगत नव्हती.

या धड्याची गरज काय, हे एका दवाखान्यात मी पाहिले आहे. खुरप्याने बोट कापलेल्या एका म्हातारीची पट्टी परिचारिका सलाइनने भिजवून सोडवीत होती आणि म्हातारी, जखमेकडे न पाहता, तिच्या चिमटीकडे पाहत पुटपुटत होती, “हळू सोड गं माय.” वाळलेल्या रक्तात जाळीचे धागे रुततात व पट्टीबरोबर नुकतीच उगवू लागलेली त्वचाही ओरबाडली जाते, ही वेदना दुखण्याची नव्हे, उपचाराची. वास्तविक जखम वाळवून खपली धरू द्यावी हा आपला पूर्वापार समज संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 सालीच डुकरांवरील प्रयोगांनी खोटा ठरविला होता: झाकून ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरते.

हा ओलावा राखण्याचे काम हायड्रोजेल करते. बहुवारिकाच्या जाळ्यात अडकलेले पुष्कळसे पाणी, एवढेच त्याचे स्वरूप. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरणाच्या साहाय्याने भाजलेल्या जखमांसाठी असे जेल सिद्ध केले. विकिरणाने जाळे विणले जाते व त्याच वेळी निर्जंतुकीकरणही साधते. ते जखमेला चिकटत नाही, हा गुण. पण जागेवर राहावे म्हणून वरून चिकटपट्टी लावावी, तर पुन्हा कातडीची साल निघणारच!

येथे गोगलगाय उपयोगी पडली. शत्रू आला की एक बिनशंखी गोगलगाय पानाला घट्ट धरून ठेवणारा श्लेष्मा सोडते. त्यातील धनभारित प्रथिने ओल्या पृष्ठभागाला बिलगतात आणि लवचिक गर ओढ सोसतो. ही युक्ती उचलून हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 साली रक्ताळलेल्या ऊतींनाही धरून राहणारे जेल प्रसिद्ध केले. तथापि म्हातारीच्या बोटाला धरण्याहून सोडण्याचे मोल अधिक. त्या बाजूने 2020 साली अमेरिकेतच एक असे चिकट जेल निघाले, की विशिष्ट द्रावण ओतताच त्याची पकड निमूटपणे सुटते. त्या द्रावणात दोन द्रव्ये आहेत: आपल्या पेशी स्वतःच घडवितात ते ग्लुटाथायोन, आणि दुसरा भज्यांच्या पिठात चिमूटभर पडतो तो खाण्याचा सोडा.