कोंडा की लीख?

नाशिक जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेलगत असलेले हरसूल हे आदिवासी मुलखातले बाजाराचे गाव. या भागातल्या पाड्यांवरची कितीतरी पोरे आश्रमशाळांत राहून शिकतात. अंथरुणाला अंथरूण लावून निजायचे; तिथे एकीच्या डोक्यातली ऊ दुसरीकडे जायला कितीसा वेळ? ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. केसावरून केसावर चालत जाते. स्वच्छ-अस्वच्छ असा भेद ती करीत नाही. तो आपण करतो. म्हणून डोक्यात पांढरे दिसले की त्या मुलीला शेवटच्या बाकावर बसवायची घाई होते. आणि पुष्कळदा तो बिचारा नुसता कोंडा असतो!

ओळखायचे कसे? बँकेतला मुरलेला कॅशियर नोट डोळ्यांआधी बोटांनी ओळखतो. इथेही तेच. उजेडात बसून कानामागचे आणि मानेवरचे केस बाजूला करावेत, पांढरा ठिपका चिमटीत धरून ओढून पाहावा. कोंडा लगेच सुटतो, खांद्यावर सांडतो. लीख मात्र केसाला एका बाजूने चिकटलेली. मादी ती डिंकासारख्या द्रवाने डकवते. नखाने खरवडल्याशिवाय ती हलत नाही. टाळूलगतची लीख जिवंत असू शकते. सेंटिमीटरभराहून लांब गेलेली बहुधा रिकामे टरफल, कारण केस महिन्याला जेमतेम तेवढाच वाढतो. पक्का पुरावा एकच, तिळाएवढी चालती ऊ. ओल्या केसांतून दाट दातांची फणी फिरवून ती पांढऱ्या फडक्यावर पुसली की दिसते.

कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टाळूवरच्या मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीशी त्याचा संबंध. कीटोकोनॅझोलच्या शाम्पूने तो आटोक्यात येतो. उवांना हा शाम्पू चोळणे व्यर्थ. त्यांना पर्मेथ्रिन, डॉक्टरांना विचारून. लीख सात ते दहा दिवसांत फुटते, म्हणून औषध आठवड्या-दीड आठवड्याने पुन्हा लावायचे. हा दुसरा हप्ता चुकला की पहिल्याचे पैसेही बुडाले! घरातली सगळी डोकी मात्र एकाच दिवशी तपासावीत.

रॉकेल कदापि नको. कातडी भाजते, आणि चुलीपुढे बसणाऱ्या पोरीच्या केसांना एक ठिणगी पुरते. केस भादरायचीही गरज नाही. बारा वर्षांच्या मुलीला ती शिक्षाच वाटते. शाळा बुडवायचे तर कारणच नाही. घट्ट वेणी घालून तिने वर्गात बसावे आणि औषध संध्याकाळी लावावे.