प्लेटलेटच्या पोटातला जांभळा ठिपका

डेंग्यूच्या दिवसांत दवाखान्याबाहेर हमखास कानावर पडतं, 'पेशी चाळीस हजारांवर आल्यात.' कुठल्या पेशी असं विचारलं, तर बरेच जण 'पांढऱ्या' सांगून मोकळे होतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या जंतूंशी लढतात. दर मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख हा आकडा प्लेटलेट्सचा. आणि त्या धड पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींचे ते सुटून आलेले तुकडे असतात. बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी हे १९०६ साली दाखवून दिलं.

रक्ताच्या रंगवलेल्या काचपट्टीवर प्लेटलेट पाहिली, की मधोमध दाणेदार जांभळा भाग आणि कडेला फिकट, जवळपास पारदर्शक किनार दिसते. मधला भाग ग्रॅन्युलोमिअर, कडेचा हायलोमिअर. नवख्या विद्यार्थ्याला तो जांभळा भाग केंद्रकच वाटतो, पण प्लेटलेटला केंद्रक नसतं. (तीच प्लेटलेट एखाद्या तांबड्या पेशीवर बसलेली दिसली, की मलेरियाचा परजीवी सापडल्याचा भास होतो. अनुभवी तंत्रज्ञ म्हणूनच दोनदा बघतात.)

केंद्रक नाही याचा परिणाम अगदी व्यवहारातला आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करतं. केंद्रकच नसल्यामुळे तिला ते नव्याने पुरेसं बनवता येत नाही. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, तेवढा काळ ती तशीच फिरते. गोळी थांबवल्यावरही काही दिवस रक्त थांबायला वेळ लागतो, तो यामुळे. गोळीचा अंश रक्तातून कधीच गेलेला असतो.

ग्रॅन्युलोमिअर हा एखादा सलग अवयव आहे, हाही गैरसमजच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो फुटून वेगवेगळा दिसतो. त्यात अल्फा कण सर्वांत जास्त, त्यांच्यात फायब्रिनोजेन, व्हॉन विलेब्रांड घटक आणि जखम भरायला मदत करणारी प्रथिनं. डेन्स कण मोजकेच, पण त्यांत एडीपी, सेरोटोनिन आणि कॅल्शियम ठासून भरलेलं. शिवाय मायटोकाँड्रिया आणि ग्लायकोजेन. रक्तवाहिनीला इजा झाली, की हे कण आतला साठा बाहेर सोडतात आणि त्यातलं एडीपी शेजारच्या प्लेटलेट्सना जागं करतं. इतका कारभार असलेल्या तुकड्याला निर्जीव कण कसं म्हणायचं?

कडेची किनार मोकळी दिसते, तीही रिकामी नाही. तिथे सूक्ष्मनलिकांचं वेटोळं असतं, बांगडीच्या आतल्या तारेसारखं. त्यामुळेच प्लेटलेट चकतीच्या आकारात राहते. ती जागी झाली की वेटोळं आकसतं, चकती गोल होते आणि तिला पायांसारखे फाटे फुटतात. दाणे नसले तरी हालचालीचं यंत्र या किनारीतच आहे.

सर्वांत हट्टी गैरसमज आकड्याचा. आकडा ठीक म्हणजे सगळं ठीक, असं गृहीत धरलं जातं. १९५९ साली प्राग इथल्या हर्मान्स्की आणि पुडलाक या डॉक्टरांनी त्वचा-केसांत रंगद्रव्य कमी असलेल्या आणि रक्तस्रावाकडे कल असलेल्या रुग्णांचं वर्णन केलं. त्या आजारात प्लेटलेट्सची संख्या सहसा व्यवस्थित असते, कमतरता डेन्स कणांची. साध्या रक्ततपासणीत ती उघडकीला येत नाही. ग्रे प्लेटलेट सिंड्रोममध्ये अल्फा कणच रिकामे असतात. तिथे संख्या बहुधा कमीच असते, पण काचपट्टीवर जांभळा ठिपकाच दिसत नाही, करड्या, भुतासारख्या प्लेटलेट्स दिसतात. इथे यंत्रातल्या आकड्यापेक्षा माणसाचे डोळे जास्त सांगतात.

उलटही होतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए काही जणांच्या प्लेटलेट्सचे पुंजके बनवतं आणि यंत्र त्यांना मोजत नाही. माणूस ठणठणीत, रिपोर्ट घाबरवणारा. अशा वेळी सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात, काचपट्टी तपासतात.

डेंग्यूत तर निव्वळ आकड्यावरून प्लेटलेट्स चढवण्यासाठी नातेवाईकांचा आग्रह असतो. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना प्लेटलेट्स चढवून रक्तस्राव टळला नाही, उलट त्रासच वाढले. डेंग्यूतला खरा धोका बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट, रक्तदाब, लघवीचं प्रमाण आणि पोटदुखी यांची चौकशी करतात, आणि नातेवाईक मात्र सकाळ-संध्याकाळ एकच विचारत राहतात, पेशी किती झाल्या?