मंजूर रक्कम आणि चुकलेली मुदत

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्यांचे दिवस आले, की मुलींच्या शुल्कमाफीची चर्चा पुन्हा घरोघरी सुरू होते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना पन्नासाऐवजी शंभर टक्के सवलत दिली, हे आता सर्वश्रुत आहे. तथापि ही माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांपुरतीच आहे, विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ आणि प्रवास यांचा भार कुटुंबावरच राहतो, आणि व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेला प्रवेश तिच्या कक्षेत येत नाही, हा तपशील प्रवेश निश्चित करण्यापूर्वी समजून घेण्याची तसदी फार थोडी कुटुंबे घेतात. याहून गंभीर प्रश्न मुदतीचा आहे. महाविद्यालय शुल्क मागते प्रवेशाच्या दिवशी, खाणावळ पैसे मागते महिन्याच्या पहिल्या तारखेला, आणि शासनाची मदत येते शासनाच्या सवडीने. या तीन तारखांचा मेळ घालता घालता विद्यार्थ्याचे निम्मे वर्ष सरते.

साहाय्य कसे असावे याचा एक आदर्श आपल्याच इतिहासात आहे, आणि तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा बडोदे संस्थानाने त्यांच्याशी रीतसर करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर संस्थानाची दहा वर्षे चाकरी, अशी त्याची कलमे होती. अटी कठोर होत्या यात शंका नाही. परंतु किती मिळणार, कोठवर मिळणार आणि मोबदल्यात काय द्यावे लागणार, या तिन्ही गोष्टी न्यूयॉर्कला जाण्यापूर्वीच त्या विद्यार्थ्याला स्वच्छ ठाऊक होत्या. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना १९१७ साली परतावे लागले. तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून बचत केली, नवल भथेना या मित्राकडून कर्जाऊ रक्कम घेतली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य स्वीकारले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दान, बचत आणि ऋण या तिन्हींची जुळणी करून एका निर्धन विद्यार्थ्याने आपले शिक्षण पुरे केले, एवढाच याचा अर्थ नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पोचल्यावर त्याच गृहस्थांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणाची मागणी सरकारपुढे लेखी मांडली, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज राज्यातील असंख्य विद्यार्थी जिला ‘भारत सरकारची स्कॉलरशिप’ म्हणतात, तिचा उगम हा असा आहे.

त्या शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, आणि तिच्यापलीकडील विद्यार्थ्यासाठी निर्वाहभत्त्याविना केवळ शुल्काची ‘फ्रीशिप’ आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने योजनेची फेररचना करून खर्चाचा ६० टक्के भार आपल्याकडे आणि ४० टक्के राज्याकडे ठेवला. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा व्हावा, मात्र राज्याने आपला हिस्सा आधी भरलेला असावा, असे ठरले. मध्यस्थ वगळण्याचा हेतू स्तुत्यच होता. परंतु त्यामुळे शुल्काचा तगादा महाविद्यालयाच्या खजिन्याकडून विद्यार्थ्याच्या दारी आला, आणि दोन सरकारांच्या हिशेबात पडलेले अंतर सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना भरून काढावे लागू लागले.

महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या कारकुनाकडे, मग प्राचार्यांकडे आणि शेवटी संबंधित खात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्रुटी निघाली की तो ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये निमूटपणे पडून राहतो. आठवड्यातून एकदा तो न उघडणाऱ्याचे वर्ष अशा रीतीने वाया जाते. पासबुकाचे प्रकरण तर याहून फसवे आहे. मुलगी शहरात आल्यावर नवे खाते काढते, त्याचे पासबुक कार्यालयात दाखवते आणि तेथेच पैसे येणार असे धरून चालते. रक्कम मात्र ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडले गेले असेल त्याच खात्यात जाते, आणि ते खाते बहुधा गावच्या बँकेत शाळेच्या दिवसांत काढलेले व पुढे व्यवहाराअभावी बंद पडलेले असते. सबब आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे याची खातरजमा अर्जापूर्वी करावी, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणीचे प्रकरण बारावीच्या वर्षातच हाती घ्यावे, आणि आधार व गुणपत्रिका यांवरील नावात एका अक्षराचाही फरक असल्यास तो आधीच दुरुस्त करून घ्यावा.

शुल्काइतकाच निर्वाहाचा प्रश्न बिकट आहे. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि इतर खर्चाचे ८,००० असे ६०,००० रुपये ठरवले गेले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता याच धर्तीच्या योजना आहेत. पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्याला ही रक्कम पुरेशी नाही. त्यातही ती वर्ष संपल्यावर एकगठ्ठा हाती आली, तर तोवर घेतलेल्या उसनवारीतच ती विरून जाते.

मदत अपुरी पडली की कर्ज आले, आणि कर्जाचा हिशेब सही करण्यापूर्वी कागदावर मांडलाच पाहिजे. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रतिवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाख उचलले आणि व्याज दहा टक्के आहे. शिक्षण संपून आणखी एक वर्ष हप्ता नाही, ही सवलत ऐकायला गोड वाटते. पण त्या काळातही सरळ व्याज चढतच असते, आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस २ लाख १० हजारांचे व्याज साचून देणे ८ लाख १० हजारांवर जाते. घरच्यांनी दरमहा निदान व्याज भरले तर हा डोंगर उभा राहत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत तारण आणि जामीनदार यांवाचून कर्जाची तजवीज केली आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याजसवलत देऊ केली आहे. मात्र आपले महाविद्यालय त्या यादीत आहे काय, हे बँकेच्या पायरीवर नव्हे, पसंतीक्रम भरतानाच पाहिले पाहिजे.

हे सर्व विद्यार्थ्याने करावे, अवश्य करावे. पण सारी दक्षता त्याच्याच माथी मारून शासनाला मोकळे सोडता येणार नाही. अर्जाची अंतिम तारीख चुकली तर विद्यार्थ्याचा हक्क बुडतो. मग रक्कम अदा करण्याची तारीख चुकली तर शासनाने व्याजासह भरपाई का देऊ नये? एका संस्थानिकाला १९१३ साली जे लेखी बांधून घेता आले, ते लोकनियुक्त सरकारला अशक्य असण्याचे कारण नाही. मंजुरीपत्रावर रकमेइतकीच ठळक अदायगीची तारीख छापली जावी, आणि तोवर कोणत्याही संस्थेने पात्र विद्यार्थ्याकडे त्या रकमेचा तगादा लावू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. ज्यांची गुणपत्रिका अशा तगाद्यापायी अडकली असेल त्यांनी तोंडी विनवण्या न करता प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि त्याची पोच घेतल्यावाचून कार्यालय सोडू नये.