तळ्यांतील विरळणी

आपल्याकडे बाजरी दाट उगवली म्हणजे शेतकरी विरळणी करतो. स्वतः पेरलेलीं रोपें स्वतःच्याच हातानें उपटतांना त्याचा जीव हळहळतो. तरी तो तीं उपटतो. सर्वच ठेवलीं तर एकाचेंही कणीस भरावयाचें नाहीं, हें तो जाणतो. आज मी आपणांस अशाच एका विरळणीची हकीकत सांगणार आहें. ती शेतांतील नसून पाण्यांतील आहे, आणि तिचें मूळ ठिकाण अमेरिका हें आहे.

त्या देशांतील गोड्या पाण्यांत बास नांवाचा मासा आहे. त्यांतील रुंद जबड्याची जात गळानें मासे धरणाऱ्यांना फार प्रिय. पुष्कळ शेतकऱ्यांनीं व हौशी लोकांनीं आपापल्या जमिनींत बांध घालून तळीं केलीं, त्यांत बास सोडला, आणि त्याच्या भक्ष्यासाठीं ब्लूगिल नांवाचा लहान, चपटा मासा सोडला. पहिलीं कांहीं वर्षें सारें यथास्थित चालतें. पुढें मात्र अनेक मालकांची एकच तक्रार सुरू होते. गळ टाकतांच मासा लागतो, पण प्रत्येक मासा दहा-अकरा इंचांचा! वर्ष गेलें, दोन वर्षें गेलीं, तरी आकार तोच. डोकें मोठें, पोट खपाटीस गेलेलें, अंग सुरीच्या पात्यासारखें. मालकास वाटतें, बीज हलकें असावें किंवा पाण्यांत कांहीं रोग असावा. बहुधा या दोहोंपैकीं कांहींच नसतें. मासे उपाशी असतात, एवढेंच.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास इ. स. १९३० नंतरच्या दशकांत आलाबामा राज्यांतील ऑबर्न येथील कृषि-प्रयोगकेंद्रांत सुरू झाला. होमर स्विंगल व त्यांचे सहकारी ई. व्ही. स्मिथ हे त्याचे प्रवर्तक. त्यांची रीत साधी, पण कष्टाची होती. तळ्यांत मासे मोजून सोडावयाचे, कांहीं काळानें सर्व पाणी काढून टाकावयाचें, आणि तळाशीं उरलेल्या माशांचीं वजनें करून तीं टिपून ठेवावयाचीं. अशा अनेक तळ्यांच्या हिशेबांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. कोणतेंही तळें आपल्या पाण्याच्या कसाप्रमाणें माशांचें ठराविक वजनच पोसूं शकतें. तें वजन थोड्या माशांत वांटलें जावें कीं पुष्कळांत, हें माशांच्या संख्येवर अवलंबून असतें.

उदाहरणापुरतें असें धरूं कीं, एखादें तळें ५० पौंड बास पोसतें. मासे ५० असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास एक पौंड वजन येईल; २०० असतील तर पाव पौंड. भागाकार तिसरीच्या मुलाला सुटण्याजोगा आहे. परंतु तळ्याच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे मोठमोठ्यांना तो सुटत नाहीं.

त्यांत आणखी एक अडचण आहे. बासचें वजन एक पौंडानें वाढावयाचें तर त्याला सुमारें दहा पौंड भक्ष्य लागतें, असा ढोबळ हिशेब आहे. शिवाय मिळालेल्या अन्नाचा पहिला भाग जीव जगविण्यांतच खर्च होतो; उरेल त्यावर अंग धरतें. गर्दीच्या तळ्यांत उरतच नाहीं. म्हणून मासा मरत नाहीं आणि वाढतही नाहीं. त्याच्या कानांतील बारीक हाड कापून पाहिलें तर झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें त्यांत वर्षांचीं वलयें मोजतां येतात. दहा इंचांचा जो मासा मालकानें पोर समजून सोडून दिला, तो पुष्कळदां चांगला वयस्क निघतो.

ही गर्दी होते कशी? वसंत ऋतूंत पाणी उबदार झालें म्हणजे नर तळाशीं खळगा साफ करून घरटें करतो. मादी त्यांत हजारों अंडीं घालते आणि नर त्यांची राखण करतो. उथळ तळ्यांत पिलांना तोटा नाहीं. त्यांत मालक दयाळू! पकडलेला प्रत्येक लहान मासा तो ‘मोठा होऊं दे’ म्हणून पुन्हां पाण्यांत सोडतो. परिणामीं आठ ते बारा इंचांच्या बासची झुंडच्या झुंड तयार होते. ती ब्लूगिलचीं पिलें वाढूं देण्यापूर्वींच गिळून टाकते. जे थोडे ब्लूगिल वांचतात ते खाऊन-पिऊन इतके रुंद होतात कीं, दहा इंचांच्या बासच्या तोंडांत ते मावतच नाहींत. भरल्या कोठाराच्या दारांत उपाशी बसावें, तशी बासची अवस्था होते.

हें ओळखण्याची खूणही अनुभवी लोकांनीं ठरविली आहे. गळास लागलेले आठ इंच व त्यांहून मोठे बास मोजावेत. त्यांपैकीं शेंकडा ४० ते ७० मासे बारा इंचांचे वा त्यांहून मोठे असतील तर तळें समतोल समजावें. हें प्रमाण फार खालीं असेल, मासे रोड असतील आणि ब्लूगिल मात्र तळहाताएवढे, पुष्ट असतील, तर बासची गर्दी झाली असें निश्चित मानावें.

आतां उपाय. बाहेरून मोठे बास विकत आणून सोडणें हा उपाय नव्हे; त्यानें खाणारीं तोंडें वाढतात. ब्लूगिलचीं पिलें आणून ओतलीं तर चार दिवसांची मेजवानी होते, आणि पुन्हां उपास. खत घालून पाण्याचा कस वाढवितां येतो. परंतु तोंडें कमी केल्यावांचून तो लाभही गर्दींतच विरून जातो. खरा उपाय एकच : लहान बास काढणें. बारा इंचांखालील जो मासा गळास लागेल तो परत सोडूं नये. कसदार, खत घातलेल्या तळ्यांतून एकरीं दर वर्षीं २० ते ३० पौंड, आणि साध्या तळ्यांतून त्याच्या निम्मे, असे मासे काढावेत. बारा ते पंधरा इंचांचे मासे मात्र सोडून द्यावेत. पुढचे मोठे मासे तेच होणार. काढलेले मासे खाण्यास उत्तम असतात; ते फुकट दवडूं नयेत, आणि दुसऱ्याच्या पाण्यांतही सोडूं नयेत. एकदां काढून भागत नाहीं. रिकामी झालेली जागा पुढच्या वर्षींचीं पिलें भरून काढतात. म्हणून एक वही ठेवावी आणि किती काढले, किती लांबीचे काढले, हें दर खेपेस लिहावें.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. कांहीं तळ्यांत याच्या नेमकें उलट घडतें. बास वाजवीपेक्षां अधिक पकडले गेल्यानें ब्लूगिलचीच गर्दी होते आणि तेच खुरटतात. अशा वेळीं बास काढणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय. म्हणून कोण खुरटला आहे, हें आधीं पाहावें. शिवाय एखाद्या मालकाला मोठे ब्लूगिलच हवे असतील, तर बासची दाटी त्याला इष्टच वाटेल. आपणांस कोणतें पीक हवें, हें ठरविल्यावांचून विरळणी करतां येत नाहीं.

श्रोतेहो, बास हा मासा आपल्या पाण्यांत आणावा, असें सांगण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. ज्या ज्या परक्या देशांत तो गेला, तेथें अनेक ठिकाणीं त्यानें स्थानिक माशांचा संहार केला आहे. पण त्याच्या तळ्यांत दिसलेला नियम आपल्याही शेततळ्यांस लागू आहे. आपण ज्यास चिलापी म्हणतों तो तिलापिया मासा मूळचा आफ्रिकेचा. त्याची मोझांबिकी जात १९५२ सालीं भारतांत आणली गेली. ती दोन-तीन महिन्यांच्या वयांतच वितें, मादी अंडीं तोंडांत धरून जपते, आणि वर्षांतून अनेकदां हा क्रम चालतो. मग तळें बोटाएवढ्या माशांनीं भरून जातें व बाजारांत त्यांना कोणी विचारीत नाहीं. तेथेंही मालक पाण्याला आणि बियाण्याला दोष देतो. मोजदाद मात्र करीत नाहीं.

जो मासा आपण सोडून देतों तो वांचतो, हें खरें. पण त्याच्या पोटास घालावयाचें कोणीं, हा प्रश्न आपण पाण्यांत सोडून घरीं येतों. तळें हा प्रश्न विसरत नाहीं. त्याचें उत्तर तें प्रत्येक माशाच्या खपाटीस गेलेल्या पोटावर लिहून ठेवतें. ज्यानें तळें बांधलें, त्यानें तें वाचावयास शिकलें पाहिजे.