स्वेच्छेचा त्याग

ख्रिस्ती श्रद्धेत समर्पणाचा आदर्श गेथशेमाने बागेत आहे. अटकेच्या रात्री येशूने पुढ्यातले दुःख टळावे अशी प्रार्थना केली, पण शेवटचा शब्द पित्याच्या इच्छेवर सोपवला. त्याने आपली भीती लपवली नाही, हे महत्त्वाचे. इच्छा मारून टाकणे वेगळे आणि ती देवापुढे मोकळेपणाने मांडून त्याच्या हाती देणे वेगळे. ख्रिस्ती परंपरेला दुसरे अभिप्रेत आहे.

अशा समर्पणाच्या आड येतो तो गर्व; संत ऑगस्टीनने त्यालाच पापाचे मूळ मानले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत. दुसरी पायरी स्वतःच्या इच्छेवर प्रेम न करण्याची, तिसरी वरिष्ठांच्या आज्ञापालनाची. ही तिसरी पायरी सर्वांत कठीण म्हणावी लागेल, कारण देवापुढे वाकणाऱ्यालाही माणसापुढे वाकणे जड जाते. अर्थात, याच शिकवणीचा आधार घेऊन सत्ताधाऱ्यांनी दुबळ्यांना गप्प बसवल्याचेही इतिहासात घडले आहे. तो तिचा विपर्यासच होय.

महाराष्ट्रात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे जीवन समर्पणाच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी जातीतील मान आणि आप्तांचा आधार गमावला. पुढे १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडून ते साताऱ्यात संन्यस्त वृत्तीने राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तो खुला होता.