संकेतस्थळाचा स्वयंचलित बॅकअप

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे दोन भाग असतात: छायाचित्रे, थीम व प्लगइन यांच्या फाइली आणि लेख व वापरकर्त्यांच्या नोंदी साठवणारा डेटाबेस. या दोहोंची प्रत घेतल्याशिवाय बॅकअप पूर्ण होत नाही. लिनक्स सर्व्हरवर ‘क्रॉन’ ही सुविधा हे काम नेमल्या वेळी आपोआप करते. तिच्या प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच रकाने असून त्यांपुढे पार पाडायची आज्ञा लिहिलेली असते. वर्डप्रेसचे स्वतःचे वेळापत्रक मात्र कोणी पान उघडले तरच तपासले जाते, म्हणून वर्दळ कमी असलेल्या संकेतस्थळाने त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. प्रत त्याच सर्व्हरवर ठेवल्यास बिघाडात मूळ व प्रत दोन्ही जातात, त्यामुळे किमान एक प्रत अन्यत्र असावी.

मात्र बॅकअप नेमला म्हणजे तो होतोच असे नाही. २०१७च्या जानेवारीत गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नियोजित बॅकअप डेटाबेस व बॅकअप साधन यांच्या आवृत्त्यांतील विसंगतीमुळे अयशस्वी होत असल्याचे आणि त्याच्या सूचना देणारे ईमेलही पोहोचत नसल्याचे उघड झाले. अखेर सुमारे सहा तासांपूर्वीच्या प्रतीवर काम भागवावे लागले. म्हणूनच ठरावीक काळाने एखादी प्रत चाचणी सर्व्हरवर प्रत्यक्ष उभी करून पाहणे, हाही वेळापत्रकाचाच भाग मानावा.